अर्धा ठोका मागे

प्रयोगशाळेत तिला सगळे आत्याच म्हणत. तिची भाची एकदा शाळा सुटल्यावर तिथल्या दारात उभी राहून "आत्याऽऽ" अशा हाका मारत बसली होती, तेव्हापासून ते नाव चिकटलं. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला शिपाईसुद्धा तिला आत्या म्हणे आणि वर हसे.

आत्याचं काम हृदयाच्या पेशी वाढवायचं. पेशंटच्या दंडावरची चिमूटभर कातडी यायची. त्या कातडीच्या पेशींना हळूहळू वळण लावून हृदयाच्या पेशी करायच्या, आणि त्यातही आपण होऊन ठोके देणाऱ्या. मग समुद्री शेवाळापासून काढलेल्या एका मऊ जेलमध्ये त्या बसवून त्याची सुतासारखी बारीक वळी करायची. लांबी दोन तांदळांएवढी. तिला तिथे 'वात' म्हणत. अकरा आठवडे रोज उस्तवार करून घेणारी ही वात खरोखरच वात आणते, हा विनोद इतका जुना झाला होता की नवीन आलेल्या माणसाशिवाय त्याला कुणी हसत नसे.

ही वात हृदयावर टाक्यांनी बसवली की शेजारच्या स्नायूला ठोका द्यायला लागते. तिला बॅटरी लागत नाही की तार लागत नाही. मोठ्या माणसांवर ती बसवायला लागून दोन वर्षं झाली होती. आता पहिल्यांदाच मुलांवर बसवायची परवानगी मिळाली होती.

मुलांचा दुसरा नमुना आला तो एका सोमवारी. नमुन्यावर नाव नसतं, फक्त आकडा असतो. पण सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: मुलगी, वय बारा, जन्मापासून हृदयातली वाट बंद. खाली आधीच्या तीन ऑपरेशनांच्या तारखा होत्या. त्या तिन्ही दिवशी आत्या हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली होती.

ती कागद घेऊन तशीच वरच्या मॅडमकडे गेली.

"मॅडम, ही माझी भाची आहे. हे काम मला देऊ नका."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग कुणाला देऊ?"

 वात वळता येणारे तिथे दोघंच होते, आणि त्यातला दुसरा वर्षभरासाठी बाहेर गेला होता.

"परवानगी देणाऱ्या समितीला मी लेखी कळवते," मॅडम म्हणाल्या. "वात तू कर. तपासणी आणि शेवटची सही पट्टीची. आणि घरी या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

पट्टी म्हणजे तपासनीस. तो आंघोळीचं पाणीसुद्धा मोजून घेत असेल असं लोक म्हणत.

घरी कळू द्यायचं नाही, हे म्हणायला सोपं होतं. आत्या राहायची दादाच्याच घरी, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. तिच्या खोलीतून बाहेर पडायचं तर स्वयंपाकघरातून जावं लागे, आणि सकाळी तिथे दादा चहाचा कप घेऊन बसलेला असे.

दादा गाडी चालवायला शिकवायचा. शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. तो दाबून दाबून त्याला अशी सवय लागली होती, की घरी खुर्चीत बसलेला असतानाही कुणी धांदल केली तर त्याचा पाय जमिनीवर करकचून दाबला जाई. वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. ती फार बोलत नसे. बोलली की नेमकं बोले.

भिंगरी हे नाव दादानेच ठेवलेलं, मुलगी वहिनीच्या पोटात असताना. फार फिरते म्हणून. जन्मल्यावर कळलं की तिच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या पोटाच्या कातडीखाली पेसमेकर बसवला. घरात त्याला डबी म्हणत. पाचव्या वर्षी तार आखूड पडली, कारण पोर वाढत होती आणि तार काही वाढत नव्हती. नवव्या वर्षी बॅटरी संपली. आणि आता तारेच्या वेष्टनाला चीर गेली होती. एखादा ठोका मधूनच पोचत नसे. भिंगरी एकदा वर्गात फळ्यापाशी कोसळली, एकदा न्हाणीघरात. तेव्हापासून न्हाणीघराच्या दाराची कडी काढून टाकली होती. ती आत असेपर्यंत वहिनी बाहेर उभी राहून काहीबाही विचारत राही, उत्तर येतंय ना एवढंच बघायला.

"आई, मला दोन मिनिटं तरी एकटीला राहू दे ना!" आतून भिंगरी ओरडायची.

"राहा की. फक्त ओरडत राहा," वहिनी म्हणायची.

डॉक्टरांनी ठरवलं होतं ते असं: तीन महिन्यांच्या आत छाती उघडून तार बदलायचीच. त्याच वेळी वात बसवायची. नवी तार आणि डबी फक्त राखणीला ठेवायची, आणि वर्षभर वात नीट चालली तर ती काढून टाकायची. छाती पुन्हा पुन्हा उघडता येणार नव्हती, त्यामुळे संधी ही एकच.

भिंगरीच्या दंडावर बँडेज दिसलं त्या संध्याकाळी दादाने विचारलं, "हे तुझ्याच हाताखाली येणार ना?"

आत्या काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं दादाला लहानपणापासून वाचता यायचं.

"मग मला कसली काळजी!" तो म्हणाला, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी काचेच्या ताटलीत एक ठिपका हलला. मग शेजारचा. आत्याने असं शेकडो वेळा पाहिलं होतं. या वेळी मात्र ती घड्याळ न बघता तिथेच बसून राहिली. घरी आली तेव्हा भिंगरी पायरीवर बसून गृहपाठ करत होती. तुझ्या हृदयाचा तुकडा आज माझ्यासमोर धडधडला, असं तिला सांगावंसं वाटलं. ती म्हणाली, "केस विंचर. काय अवतार केलायस!"

दुसऱ्या दिवशी दादा चहा पिताना म्हणाला, "आज चेहरा बरा आहे तुझा. म्हणजे बरं चाललंय."

"दादा, असं करू नकोस."

"मी काय केलं? मी फक्त बघितलं."

त्यानंतर ती पहाटेच उठून, दादा जागा व्हायच्या आत बाहेर पडायला लागली. आपल्याच घरातून चपला हातात घेऊन, पाय न वाजवता. संध्याकाळी परतल्यावर डोकं दुखतंय म्हणून खोलीत जाऊन पडायची. मग दादा वहिनीला हळूच विचारायचा, "डोकं दुखतंय म्हणजे? तिकडे काही बिनसलं की काय?" भिंत पातळ होती, सगळं ऐकू यायचं.

अकराव्या आठवड्यात वात तयार झाली. ऑपरेशन शुक्रवारी होतं. बुधवारी आणि गुरुवारी सकाळी मिळून पट्टीने तिची तीन वेळा मोजणी केली. मिनिटाला चौसष्ट ठोके. दोन ठोक्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं.

"आत्या," काचेपलीकडून तो बोलण्याच्या यंत्रावर म्हणाला, "या वर्षात इतकी सरळ वात मी बघितली नाही. चल, जेवून घेऊ."

"तू हो पुढे. मी आवरून येते."

निर्जंतुक खोलीत जायला दोन दारं होती, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. डोक्यावर टोपी, तोंडावर फडकं, हातात मोजे आणि मोज्यांवर आणखी मोजे. एकदा आत गेलं की माणूस उगाच बाहेर येत नाही. आत्याने यंत्राचं चित्रीकरण बंद केलं आणि सहज, नुसतं बघावं म्हणून, पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

बराच वेळ काहीच झालं नाही. वात संथपणे आकसत होती, सैलावत होती. मग तिच्या डाव्या टोकाचा, मोहरीच्या निम्म्याएवढा भाग बाकीच्या वातीच्या मागून हलला. अर्धा ठोका मागे. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आणि मग काही झालंच नाही अशा थाटात तो भाग बाकीच्यांत मिसळून गेला.

तिने धडपडत चित्रीकरण सुरू केलं. अडीच तास ती तिथून हलली नाही. पाठ भरून आली, मोज्यांत घाम साचला. वात एकदाही चुकली नाही.

हळू पडणाऱ्या ठोक्याला डबी सावरून घेते. पण वातीचं एक टोक एका तालात आणि दुसरं दुसऱ्या तालात चालायला लागलं तर अख्खं हृदय भरकटू शकतं, आणि तिथे डबीचं काही चालत नाही. प्राण्यांवरच्या चाचण्यांत आत्याने अशा दोन वाती पाहिल्या होत्या. एक शेवटपर्यंत निमूट चालली. दुसरीने सहाव्या दिवशी घात केला.

तिने पट्टीला बोलावलं. तो काचेशी आला.

"मोजलेलं दाखव," तो म्हणाला.

"मोजलेलं नाही. बघितलंय. चार ठोके."

"चार! आत्या, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. डोळ्यांसमोर काजवेसुद्धा चमकतील."

"पुन्हा मोज."

त्याने कुरकुर न करता पुन्हा मोजलं. संध्याकाळचे पाच वाजले. चौसष्ट ठोके, अंतर सारखं. वात पुन्हा पास झाली.

पट्टी काचेला टेकून उभा राहिला. एरवी कोरडा असलेला त्याचा आवाज मऊ झाला. "एक विचारू? ही दुसऱ्या कुणाची असती तर तू अडवली असतीस?"

 आत्याला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाची असती तर ती कदाचित वेळेवर जेवायला गेली असती, आणि काही दिसलंच नसतं.

वात बनवणाऱ्याला ती थांबवायचा अधिकार असतो. त्याचा एक कागद असतो. त्यावर कारण लिहायचं, सही करायची, आणि मग ती वात कुणालाही बसवता येत नाही. नंतर मन बदललं तरी नाही. तो कागद समोर ठेवून तिने खोलीतल्या फोनवरून मॅडमना गाठलं.

"मी काय करू?"

 "ते मला विचारू नकोस. मी सांगितलं तर निर्णय माझा होईल, आणि मी काही बघितलेलं नाही."

"मलाही नक्की सांगता येत नाही मॅडम."

"तेवढंच तुझ्याकडे आहे. त्यावरच ठरव."

बाहेर कपाटात तिचा मोबाइल होता. त्यावर दादाचा निरोप आला असणार हे तिला न बघता ठाऊक होतं. आत, दोन बंद दारांच्या आड, ती त्या कागदासमोर बसली होती. सही केली नाही तर कुणालाच काही कळणार नव्हतं. पट्टीची सही झालीच होती. वात उद्या भिंगरीच्या छातीत जाईल, आणि बहुतेक सगळं ठीकच होईल. बहुतेक. त्या शब्दाशी ती पुन्हा पुन्हा येऊन अडत होती. तिने मोजे काढले, पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'डावं टोक सलग चार वेळा अर्धा ठोका मागे पडताना दिसलं. नोंद झालेली नाही. मी पाहिलं.' आणि सही केली.

घरी डॉक्टरांचा फोन तिच्या आधी पोचला होता. दादा स्वयंपाकघरात उभा होता. भिंगरी दवाखान्यात भरती झाली होती. वहिनी तिच्यासाठी पिशवी भरायला घरी आली होती.

"वात तपासणीत नापास झाली म्हणे," दादा म्हणाला.

'हो' म्हणून ती आपल्या खोलीत जाऊ शकली असती. "नाही," ती म्हणाली. "तपासणीत पास झाली. मी अडवली."

तिने जे दिसलं ते सांगितलं. सांगू नये ते सांगितलं. ऐकताना दादाचा पाय जमिनीवर दाबला जात होता, आणि तो दाबलेलाच राहिला.

"चार ठोके. आणि तेही फक्त तुलाच दिसले."

"हो."

"अकरा आठवडे ती पोर दिवस मोजत होती. तुला कळतंय का तू काय केलंस? तुझी स्वतःची असती तर—"

"पुरे," वहिनी म्हणाली. तिने पिशवीची चेन ओढली, आत्याकडे बघितलंही नाही, आणि दोघं निघून गेली.

शुक्रवारी भिंगरीची तार बदलली, नवी डबी बसली. चौथ्या दिवशी ताप चढला. डबीभोवतीची जागा चिघळली, पुन्हा उघडून धुवावी लागली. तीन आठवडे तिला कॉटवरून उतरू दिलं नाही. एका हाताला सलाईन, छातीला वायरी, बोटाला चिमटा. कूस बदलायची तरी नर्सला हाक मारायची. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "वात बसली असती तर ही वेळच आली नसती." तसं नव्हतं. वात बसली असती तरी राखणीची डबी बसलीच असती, आणि चिघळायचं ते चिघळलंच असतं. पण हा मुद्दा मांडायला आत्याची जीभ उचलली नाही.

त्याच वॉर्डात नऊ वर्षांची एक मुलगी तपासणीसाठी आली. मुलांमधली पहिली वात तिलाच बसवलेली, आत्याच्याच हातची. तिची आई दादाच्या शेजारी बसून कौतुकाने सांगत होती, "पायऱ्या चढते हो आता. एका दमात!" दादा "वा वा" म्हणाला. समोरच्या बाकावर आत्या बसली होती, तिच्याकडे त्याने एकदाच पाहिलं. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

अडवलेल्या वातीचे पातळ काप काढून तपासले होते. त्याचा अहवाल आला. डाव्या टोकाला पेशी जरा विरळ होत्या. काप काढताना तसं होऊ शकतं, किंवा आधीपासून तसं असू शकतं. निष्कर्ष काढता येत नाही, असं खाली लिहिलं होतं. आत्याने तो कागद चार वेळा वाचला. जणू पाचव्यांदा वाचल्यावर त्यात वेगळं काही निघेल.

एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेली होती आणि खोलीत दोघीच होत्या. भिंगरी छताकडे बघत म्हणाली, "आत्या, तूच नको म्हणालीस ना?"

"हो."

"बाबा म्हणतात तू घाबरलीस."

"घाबरले होतेच."

"मग घाबरून नको म्हणालीस, की बघून?"

आत्याला कुणीच हे इतकं सरळ विचारलं नव्हतं. "बघितलं, आणि मग घाबरले," ती म्हणाली. "पण बघितलं ते खरं होतं की नाही, हे आता कधीच कळणार नाही. मला पण नाही."

भिंगरीने चिमटा लावलेलं बोट वाकवलं. पडद्यावरची रेघ विस्कटली, पुन्हा सरळ झाली. "मला राग आलाय तुझा," ती म्हणाली. "खूप."

"येऊ दे."

"जाऊ नकोस. राग आलाय म्हटलं, जा नाही म्हटलं. पाणी दे."

भिंगरी घरी आली. घरात दादा आत्याशी बोलेनासा झाला. मीठ हवं असलं तरी वहिनीमार्फत. चार माणसांच्या घरात एक माणूस गप्प झाला की भांड्यांचा आवाज वाढतो, तसा तो वाढला. पहाटे निघून जाण्याची गरज उरली नव्हती, पण स्वयंपाकघरातून जाताना दादाच्या पाठीकडे बघावं लागे, म्हणून आत्या अजूनही पहाटेच निघायची. कामावरही सुटका नव्हती. मॅडमनी नवीन नियम काढला: मोजणी झाल्यावर प्रत्येक वात दोन तास नुसती डोळ्यांनी बघायची, चित्रीकरण चालू ठेवून. बघायचं कुणी? आत्यानेच. रोज दोन तास ती डोळे ताणून मागे पडणारं टोक शोधायची. ते दिसलं नाही की मनाचा एक भाग सुटकेचा श्वास टाकायचा आणि दुसरा म्हणायचा, म्हणजे तेव्हाही नसेलच.

शेवटी तिने प्रयोगशाळेजवळ एक खोली बघितली. खिडकी भिंतीकडे उघडत होती, पण खोली वेगळी होती. रविवारी ती कपाट आवरायला लागली. भिंगरी दारात येऊन उभी राहिली. ती आता बरीच उंच दिसत होती.

"तू खरंच चाललीस?"

"तुझ्या बाबांना मोकळं वाटेल."

"आणि मला? तू गेलीस तर मला वाटेल तू खरंच काहीतरी वाईट केलंस. मग मी काय करू?" तिने वळून हाक मारली, "बाबा! इकडे या."

दादा आला. उंबऱ्यापाशी थांबला. उघडी बॅग, घडी घातलेले कपडे, सगळ्यावरून त्याची नजर फिरली. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो तिच्याशी थेट बोलला.

"तू चुकलीस असंच मला वाटतं," तो म्हणाला. "आणि वाटत राहील. ते जायचं नाही."

"माहीत आहे."

"तुला काय वाटतं?"

"रोज वेगळं वाटतं, दादा."

तो आत आला. मग वाकून त्याने कपड्यांचा एक गठ्ठा उचलला आणि कपाटात ठेवला. नीट नाही, कसाबसा कोंबला. "ती खोली नको म्हणून कळव त्यांना," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

आत्या पलंगाच्या कडेवर बसली. ती सुटली नव्हती; आता तर जायची वाटही बंद झाली होती. रोज सकाळी तेच स्वयंपाकघर, तोच दादा, आणि दोघांच्या मध्ये कधीच न मिटणारी ती गोष्ट. भिंगरी आत आली आणि उरलेले कपडे बॅगेतून काढून तिच्या मांडीवर ठेवायला लागली, एकेक करून.

"हा सदरा मला होईल का गं?" तिने विचारलं.

"घालून बघ," आत्या म्हणाली.